लंडनच्या टेकडीवरची श्रीमंत वस्ती आणि आमची पायपीट

बुधवार

चुलतभाऊ वेम्बलीत राहतो, मुक्काम त्याच्याकडेच. टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस वगैरे सगळं आधीच उरकलं होतं आणि आईने जाहीर करून टाकलं की आता मला गर्दीत नेऊ नका, मला आपली चांगली घरं बघायचीयेत. आईला हा नाद पहिल्यापासून. पुण्यात प्रभात रोडच्या कुठल्या गल्लीतला कुठला बंगला पडला, कुठे बिल्डरचा बोर्ड लागला, हे तिला तिथल्या वॉचमनच्या आधी कळतं. तर वहिनी म्हणाली, काकू, मग हॅम्पस्टेड बघा, बेलग्रेव्हिया-मेफेअरला नुसत्या एम्बसी आणि बंद पडदे, हॅम्पस्टेडला निदान झाडं तरी आहेत, आणि वेम्बली पार्कहून मेट्रोपॉलिटन लाइनने फिंचली रोड पुढचंच स्टेशन.

फिंचली रोडला उतरलो तेव्हा आई जरा नाराजच झाली, कारण समोर सहापदरी ट्रॅफिक, सुपरमार्केट, मोबाइलची दुकानं, श्रीमंती कुठे दिसेना. पण रस्ता ओलांडून चढाच्या गल्लीत वळलो आणि आवाज एकदम बंद. लाल विटांची मोठी मोठी घरं, पुढे छाटलेली कुंपणं, दारात मॅग्नोलियाचं नाहीतर चेरीचं झाड, आणि रस्त्यात माणूस नाही. माणूस नाही म्हणजे राहणारा माणूस नाही, काम करणारी भरपूर. एका घरापुढे राडारोडा भरायचा लोखंडी कंटेनर, दोन पोरं आतनं जुनं बाथरूम फोडून आणून त्यात टाकत होती. एक बाई एकटी पाच कुत्री घेऊन चाललेली. एक फिलिपिनो वाटणारी मुलगी बाबागाडी ढकलत फोनवर बोलत होती. आई म्हणाली, मालक कुठेत गं सगळे? मी म्हटलं, हप्ते भरायला गेले असतील.

मेअर्सफील्ड गार्डन्स, २० नंबर, हे मनोविश्लेषणवाल्या सिग्मंड फ्रॉइडचं घर. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर हा माणूस वयाच्या ८२व्या वर्षी व्हिएन्ना सोडून लंडनला आला, इथे जेमतेम वर्षभर राहिला आणि सप्टेंबर १९३९ मध्ये इथेच गेला. मुलगी ॲना मात्र १९८२ पर्यंत याच घरात होती, म्हणून दारावर निळ्या गोल पाट्याही दोन, बापाची वेगळी आणि लेकीची वेगळी. आत तो जगप्रसिद्ध कोच, ज्यावर पेशंटला आडवं करून मनातलं बोलतं करायचा, वर लालसर इराणी गालिचा टाकलेला. मला वाटलं होतं डॉक्टरच्या दवाखान्यातल्यासारखं काहीतरी रेक्झिनचं असेल, पण तो इतका मऊ आणि पसरट दिसतो की त्यावर पडल्यावर माणूस मनातलं बोलण्याऐवजी झोपूनच जाईल. खोली पुराणवस्तूंनी गच्च भरलीये, इजिप्त, ग्रीस, चीन, सगळीकडच्या मूर्ती. त्याच्याकडे एक हस्तिदंती विष्णूपण होता, १९३१ साली पंचाहत्तरी झाली म्हणून कलकत्त्याच्या इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटीने पाठवलेला. आईला हे सांगितल्यावर ती कोचाबिचाचं सोडून विष्णूवरच अडकली. म्हातारपणी देश सोडायला लागला तरी सामान सगळं आणता आलं, एवढं तरी बरं, असं म्हणाली. त्याच्या बहिणींचं काय झालं ते मी तिला तिथे सांगितलं नाही. त्या व्हिएन्नात राहिल्या आणि चौघी नाझींच्या छळछावण्यांत गेल्या.

या भागात त्या काळात जर्मन, ऑस्ट्रियन ज्यू इतके आले की फिंचली रोडला लोक गमतीने फिंचलीश्ट्रासं म्हणायचे म्हणे, जर्मनमध्ये श्ट्रासं म्हणजे रस्ता. म्हणजे आज करोडोंत जाणारी ही घरं तेव्हा खोली-खोलीने भाड्याने दिलेली होती. हे मला उद्याच्यासाठी उपयोगी पडलं.

गुरुवार

आज प्रिमरोज हिल, म्हणजे आंबेडकरांचं घर. आईला खरं तर एवढंच बघायचं होतं, बाकी सगळं त्याच्या निमित्ताने.

स्विस कॉटेजहून ३१ नंबरची बस, चॉक फार्मला उतरायचं, रेल्वेवरचा पादचारी पूल ओलांडायचा की प्रिमरोज हिल सुरू. पुलाच्या अलीकडे कॅम्डेनचा गोंगाट, पलीकडे फुलवाले, बेकऱ्या, लहान मुलांच्या महागड्या कपड्यांची दुकानं. इस्टेट एजंटच्या काचेपुढे आई बराच वेळ उभी होती. तीन बेडरूमचा फ्लॅट, किंमत बघितली, मनात १०० ने गुणली, मग पर्स सरळ केली आणि चालायला लागली.

किंग हेन्रीज रोड, १० नंबर. लागून लागून असलेल्या घरांच्या ओळीतलं एक उभं अरुंद घर, वेगळं ओळखू येतं ते निळ्या पाटीमुळे. बाबासाहेब इथे १९२१-२२ मध्ये राहिले. त्याआधी १९१६ ला ते लंडनला आले होते, पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये अर्धवट सोडून परत जावं लागलं, मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने हातभार लावला आणि १९२० मध्ये पुन्हा आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एमएससी १९२१, ग्रेज इनची बॅरिस्टरी १९२२, डीएससी १९२३, रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध. म्हणजे या घरातला काळ हा ऐन अभ्यासाचा आणि ऐन ओढगस्तीचा.

आता प्रश्न पडतो की पै पै मोजणारा विद्यार्थी इतक्या उंची वस्तीत कसा. तर उत्तर त्या पुलाखाली आहे. युस्टनहून निघणारी लाइन इथनं जाते, १८३७ पासून, आणि कोळशाच्या इंजिनांचा धूर या घरांवर बसायचा. रेल्वेचं १८४७ चं इंजिन शेड, ते गोल राउंडहाउस, अजून पलीकडे उभंय, आता तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात. धुराच्या कडेला श्रीमंत कशाला राहतील, मोठ्या घरांच्या खोल्या पाडून भाडेकरू भरलेले. वाफेची इंजिनं गेली, भिंती धुतल्या, रंग दिले, आणि मग हळूहळू पैसेवाले आले. आज चॅलकॉट स्क्वेअरमध्ये गुलाबी, पिवळी, आकाशी घरं बघून मोबाइल काढणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

महाराष्ट्र सरकारने हे घर २०१५ मध्ये घेतलं, सुमारे ३१ लाख पौंडांना, आणि १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढची भानगड आपल्याकडे थोड्याच लोकांना माहितीये. घराचं स्मारक करायला कॅम्डेन कौन्सिलची परवानगी लागते, ती कौन्सिलने नाकारली. मुद्दा काय तर राहण्याची जागा कमी होते, आणि शेजाऱ्यांपैकी काहींची तक्रार की बसभरून लोक येतात, फोटो काढतात, आवाज होतो. प्रकरण वरपर्यंत गेलं, चौकशी झाली, आणि २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. मला शेजाऱ्यांचा राग यायला हवा होता पण पूर्ण आला नाही, माझ्या सोसायटीत खालच्या मजल्यावर क्लासेस सुरू झाले तेव्हा मी स्वतः सेक्रेटरीकडे गेले होते. पण ज्या माणसाला मुंबईत, बडोद्यात जागा मिळताना काय काय झालं, त्याच्या नावाच्या घरालाही शंभर वर्षांनी राहण्या-न राहण्यावरून वाद घालावा लागला हे काही मनातनं जात नव्हतं.

आत प्रवेश फुकट. जिना अरुंद, आईला गुडघ्यामुळे एकेक पायरी करून चढवलं. भिंतीवर फोटो, वाक्यं, पुस्तकं. आमच्या पुढे नांदेडचं एक कुटुंब होतं, मुलगा इकडे आयटीत, आईवडील पहिल्यांदाच परदेशात. काकांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले. तिथे कोणी काढा म्हटलेलं नव्हतं, पण काढले, नीट जोडून कडेला ठेवले, आणि थंड फरशीवर मोज्यांनी आत गेले. ते बघून काकूंनी काढले, मग आईने पण, मग मी. मुलाने जरा इकडे तिकडे बघितलं आणि त्यानेही काढले. बाहेर पायरीशेजारी बुटांचे पाच जोड, रस्त्याने जाणारा एक गोरा माणूस कुत्रं घेऊन थबकला, बघितलं, आणि गुड मॉर्निंग म्हणून गेला. अभिप्रायाच्या वहीत मराठी पानंच्या पानं, नागपूर, लातूर, उल्हासनगर, अकोला. काकांनी बराच वेळ घेऊन लिहिलं, काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

नंतर टेकडीवर. टेकडी म्हणायला हवी तर म्हणा, उंची ६३-६४ मीटर, आपल्या पर्वतीवर जाणाऱ्यांनी हसावं. पण लंडन सपाट, म्हणून एवढ्यावरनं सगळं शहर दिसतं, आणि हे दृश्य कायद्याने राखलेलंय, सेंट पॉल्सचा घुमट इथनं दिसलाच पाहिजे म्हणून मध्ये उंच इमारत बांधायला बंदी. जाताना रीजंट्स पार्क रोडवर १२२ नंबरला फ्रेडरिक एंगल्सचं घर दिसलं, १८७० ते १८९४. मार्क्सबरोबर कम्युनिस्ट जाहीरनामा लिहिणारा माणूस राहिला कुठे तर इथे, स्वतःच्या गिरणीच्या पैशावर, आणि त्याच पैशावर मार्क्सचं घर चालायचं.

शुक्रवार

सकाळभर पाऊस. वहिनीने खिचडी टाकली, आम्ही घरातच. दुपारी उघडलं म्हणून हॅम्पस्टेड गाव.

हॅम्पस्टेड ट्यूब स्टेशन लंडनमधलं सगळ्यात खोल, जमिनीखाली साधारण ५८ मीटर, कारण वर टेकडी आहे आणि बोगदा आपला सरळ. लिफ्टनेच वर यायचं, गोल जिन्याला ३२० पायऱ्या आहेत अशी सूचना लावलीये, तरी एक उत्साही पोरगा गेलाच, आम्ही रस्त्यावर येऊन दोन फोटो काढले तरी तो आला नव्हता.

गाव म्हणजे खरंच गाव, आखडलेल्या गल्ल्या, पायऱ्या, चढउतार. १७००च्या सुमारास इथे लोहयुक्त पाण्याचे झरे औषधी म्हणून गाजले, पाणी बाटल्यांत भरून शहरात विकायचे, म्हणून फ्लास्क वॉक आणि वेल वॉक ही नावं. हवा चांगली, पाणी चांगलं, म्हणून पैसेवाले वर आले आणि धूर खाली शहरात सोडून दिला. चर्च रोवर १७२० च्या दशकातली विटांची घरं एका रांगेत, आणि टोकाला सेंट जॉन्स चर्च. त्याच्या आवारात चित्रकार कॉन्स्टेबलची कबर, आणि जॉन हॅरिसनचीही, ज्याने समुद्रावर रेखांश काढता यावेत म्हणून घड्याळ बनवलं तो. कबरीवर बसायला बाक नाही म्हणून आई उभ्याउभ्याच हॅरिसनला नमस्कार करून निघाली.

हाय स्ट्रीटवर पबच्या बाहेर एक क्रेपची गाडी आहे, रांग कायम. तवा भलामोठा, माणूस पीठ ओतून लाकडी फिरकीने गोल पसरतो, कडा जाळीदार होतात, अगदी आपलं घावन. आईने बारकाईने बघितलं आणि सांगितलं की तवा जास्त तापलाय. चीज-मशरूमचा घेतला, खाताना मात्र बोलली नाही. कवी कीट्सचं घर बाहेरनंच बघितलं, चारचा सुमार झाला होता आणि गुडघे बोलायला लागले होते.

शनिवार

हीथ. हॅम्पस्टेड हीथ म्हणजे या सगळ्या घरांच्या मध्ये पसरलेलं साधारण ३२० हेक्टरचं रान. बाग म्हणू नका, बाग नाही, चिखल आहे, झुडपं आहेत, तळी आहेत, गवत गुडघ्यापर्यंत. आठवडाभर न दिसलेले मालक आज दिसले, सगळे इथे, जुने बूट, मळकी जॅकेटं, कुत्री चिखलात लोळतायत आणि कोणाला काही पडलेली नाही. आई म्हणे, हे ते? हेच ते.

या रानाची गोष्ट मला सगळ्यात आवडली. इथला जहागीरदार सर थॉमस मेरियन विल्सन, त्याला १८२९ पासून हीथवर बंगले बांधायचे होते. वडिलांच्या मृत्युपत्रामुळे अडकलं, म्हणून पार्लमेंटात पुन्हा पुन्हा बिल आणलं, आणि लोकांनी पुन्हा पुन्हा हाणून पाडलं. लोक म्हणजे कोण, तर बऱ्याच अंशी आसपासचे सुखवस्तूच, त्यांना स्वतःच्या खिडकीपुढचं रान हवं होतं, पण त्यात शहरातनं सुट्टीच्या दिवशी हवा खायला येणाऱ्या गरिबांचंही भलं झालं. १८४० च्या दशकात त्याने बंगल्यांकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी तळ्यावर विटांचा पूल बांधून घेतला, कमानींचा, चांगला भक्कम. बंगले कधी झालेच नाहीत. पूल अजून आहे, आम्ही त्यावर उभं राहून सँडविच खाल्लं. १८६९ ला तो गेला, १८७१ मध्ये कायदा झाला, भावाने हक्क विकले आणि हीथ कायमची मोकळी. आमच्याकडे टेकड्यांच्या बीडीपीवरनं, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणावरनं, चाललेली भांडणं आठवली, आईने तर नावं घेऊन सुरुवात केली, मी म्हटलं आधी खा.

पार्लमेंट हिलवर, ९८ मीटर, पतंग उडवणारे. पुढे केनवुड हाऊस, तेही फुकट. गिनेस बिअरवाल्या लॉर्ड आयव्हाने घर आणि चित्रं देशाला दिली, १९२८ पासून लोकांना खुलं. एका खोलीत रेम्ब्रांटचं म्हातारपणीचं स्वतःचं चित्र, मागे भिंतीवर दोन अर्धवट वर्तुळं, आणि त्याच घरात व्हर्मीरची गिटार वाजवणारी मुलगी. ही मुलगी १९७४ मध्ये चोरीला गेली होती, काही महिन्यांनी एका चर्चच्या आवारात सापडली. या घरात पूर्वी लॉर्ड मॅन्सफील्ड राहायचे, १७७२ मध्ये इंग्लंडमधल्या गुलामाला जबरदस्तीने बाहेर नेता येणार नाही असा निकाल देणारे न्यायाधीश, आणि त्यांच्याच घरात त्यांच्या भाच्याची, गुलाम आईच्या पोटी झालेली मुलगी डायडो बेल वाढली. आईने रेम्ब्रांटपुढे बाकावर बसून घेतलं ते चांगली वीस मिनिटं. म्हणाली, याचं नाक बघ, काही लपवलं नाही याने.

बाहेर हॅम्पस्टेड लेनवरनं २१० नंबरची बस जाते. जवळच बिशप्स अ‍ॅव्हेन्यू, अब्जाधीशांची गल्ली म्हणून गाजलेली, थोडं चालून आलो. खांबांचे मोठे मोठे महाल, फाटकावर कॅमेरे, आणि बरेच ओस. काही घरं १९९० च्या आसपास घेऊन वर्षानुवर्षं तशीच पडून राहिल्याच्या बातम्या २०१४ मध्ये आल्या होत्या, आत गच्ची गळतेय, तलावात शेवाळं. आम्हाला एका फाटकामागे सलग वेली चढलेल्या दिसल्या, कुलूप गंजलेलं. हे मला सगळ्यात कुरूप वाटलं, मोकळ्या प्लॉटपेक्षाही. प्रभात रोडचा पडका बंगला निदान कोणाच्या तरी भाऊबंदकीमुळे पडका असतो.

रविवार

जायचा आदला दिवस, तरी आई म्हणाली की ती बाग राहिलीये. हीथच्या पश्चिम टोकाला हिल गार्डन आणि पर्गोला, जॅक स्ट्रॉज कॅसल या जुन्या पबच्या इमारतीपासून थोडं आत, पाटी शोधावी लागते. दगडी खांबांच्या उंच रांगा, वर लाकडी तुळया, आणि मे महिना म्हणून विस्टेरिया जांभळा लटकलेला. हे लॉर्ड लीव्हरह्युमने स्वतःच्या बंगल्याला जोडून बांधून घेतलं, १९०५ पासून पुढे. त्याच सुमारास ट्यूबचा बोगदा खणत होते, त्यातली माती भराव घालायला इकडे आणली, म्हणजे कंत्राटदाराची माती टाकायची सोय झाली आणि याला गच्ची मिळाली, दोघांचंही भलं.

लीव्हर म्हणजे लीव्हर ब्रदर्स, सनलाइट साबणवाले. सनलाइटची खोकी १८८८ पासून कलकत्त्याच्या बंदरात उतरायला लागली, मग १८९५ ला लाइफबॉय. आईने हे ऐकलं आणि एका खांबावर हात ठेवून म्हणाली, आपल्या आजीने सनलाइटच्या किती वड्या झिजवल्या, यातला एक खांब आपला. दोन जपानी मुली वधूवरांसारखे कपडे घालून फोटो काढून घेत होत्या, त्यांनी आईला बाजूला व्हायची खूण केली. आई म्हणाली, सांग त्यांना, खांब माझाय. लीव्हरह्युमचा बंगला आता फ्लॅटमध्ये वाटलाय, बाग मात्र सगळ्यांना मोकळी.

मग २१० ने हायगेट, तिथून उतारावर चालत क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू, ६५ नंबर. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी काढलेलं इंडिया हाऊस. १९०६ ला आलेले सावरकर इथेच राहायचे, सेनापती बापटही इथे यायचे. पाटी आहे सावरकरांच्या नावाची. पण इथे आत जाता येत नाही, लोक राहतात, पडदे, सायकल, खिडकीत मांजर. आम्ही समोरच्या फुटपाथवरनं बघितलं, एवढ्यात दारातनं एक बाई रिसायकलिंगचा डबा घेऊन बाहेर आली, आमच्याकडे बघून ओळखीचं हसली. रोजचंच असणार तिला. आईने हात जोडले, तिनेही घाईघाईने डबा खाली ठेवून जोडले, आणि मग विचारलं की जवळ स्वच्छतागृह हवंय का, कोपऱ्यावरच्या कॅफेत मिळेल. आम्हाला हवंच होतं.